बेट तू निवड

परदेशीपुरा, इंदूर
५ डिसेंबर १९९३

प्रिय यशोधरा,

साखरपुड्याला आज आठ दिवस झाले आणि हे पत्र लिहायला मी सहाव्यांदा बसून राहिलोय. बसून म्हणजे काय, निम्मं उभ्यानंच लिहितोय. बाबा म्हणतात, या पोराच्या पायाला भिंगरी आहे. आता मिलमध्ये वीव्हिंग मास्टरचा असिस्टंट म्हटलं की दिवसभर मागांच्या, म्हणजे आमच्या भाषेत साच्यांच्या, रांगांमधून येरझारा आल्याच. कुठे धागा तुटला, कुठला साचा थांबला, पळा. पाय घरी आले तरी थांबत नाहीत. लग्नानंतर तुला त्रास होणार, आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशी तुमच्या अन्नपूर्णा भागातल्या घराच्या गच्चीवर आपल्याला पाच मिनिटं मिळाली. त्यातली तीन तुझ्या मावशींनी पापड उलटण्यात खाल्ली. उरलेल्या दोन मिनिटांत मी विचारलं, तुला काय आवडतं? तू म्हणालीस, "सात वर्षं भूगोल शिकवतेय, पण समुद्र पाहिला नाही." बस्स! ते वाक्य डोक्यातून जाईच ना. अगं, मीपण नाही पाहिला. आपण इंदूरची माणसं, पाणी बघितलं ते यशवंत सागरचं, नाहीतर नर्मदेचं.

तर ऐक. माझा चुलतभाऊ रजत हनीमूनला शिमल्याला गेला आणि भाड्याचा कोट घालून फोटो काढून आला. फोटोत कोटच दिसतो, रजत दिसत नाही. आपण तसलं काही करायचं नाही. आपण बेटावर जायचं. सरळ बेटावर! चारी बाजूंनी समुद्र पाहिजे. माझी अट एकच, पहिला समुद्र दोघांनी बरोबर बघायचा. मध्येच कुणी चोरून बघायचा नाही, पक्का?

भूगोल तुझा आहे, तेव्हा बेट तू निवड. लग्न अक्षय्य तृतीयेला, म्हणजे हातात पाच महिने आहेत.

मिलची सध्या एकच पाळी चालू आहे, पण होईल ठीक. सगळे म्हणतात नवीन पॉलिसी आलीये, बाहेरची कंपनी येणार, नवी मशिनरी येणार. बाबा म्हणतात, येईल तेव्हा येईल, तोवर साच्याला तेल द्या.

आणि मला पत्रात 'अहो' लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा
श्रीपाद

मानपुर
१३ डिसेंबर १९९३

श्रीपाद यांस,

'अहो' लिहिलं नाही, बघा. पण 'तू' इतक्यात जमायचं नाही. आमच्याकडे आजी अजून आजोबांच्या फोटोला अहो म्हणते.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या हिंदीच्या शारदाताईंनी ते आधी प्रार्थनेच्या ओळीत सगळ्यांना दाखवलं. मी आणि शारदाताई इथे एका खोलीत राहतो. शनिवारी दुपारी मी इंदूरची बस पकडते, सोमवारी पहाटे परत. खोलीच्या दारासमोरून आग्रा-मुंबई रस्ता जातो. दिवसभर ट्रक, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मुंबईचं नाव. रोज इतकी माणसं समुद्राकडे निघालेली बघायची आणि वर्गात जाऊन कढईत पाणी घेऊन, ती हलवून भरती-ओहोटी शिकवायची. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपने देखा है?" मी म्हटलं, पुस्तक उघड.

बेटांचं म्हणाल तर मी नकाशा घेऊनच बसले. श्रीलंकेत लढाई चालू आहे, ते नको. मालदीवची जमीन पाण्यापासून जेमतेम माणसाच्या उंचीची, झोप लागायची नाही. मॉरिशस फारच लांब, शिवाय दक्षिण गोलार्धात. मे-जूनमध्ये तिथे हिवाळा असतो, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. राहिलं अंदमान आणि लक्षद्वीप. माझा कल अंदमानकडे. आजीला सांगितलं तर तिनं जपमाळच खाली ठेवली. "अगं, लोकांना तिथे शिक्षा म्हणून धाडायचे. काळ्या पाण्यावर कुणी हळदीच्या अंगानं जातं का?" आईचं म्हणणं, बेटावर जा नाहीतर चंद्रावर जा, आधी देवाचं दर्शन.

एक विचारायचं आहे. बाबा पेपरात मिलची बातमी वाचतात आणि मी आले की पेपराची घडी घालतात. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारते. मिल नीट चालू आहे ना? जे असेल ते सांगा. माझी सरकारी नोकरी आहे, दोघांचं घर चालेल. मी कशालाही घाबरत नाही, खोटं तेवढं सहन होत नाही. आमच्या घरी एकदा तसं झालंय, भेटले की सांगेन.

यशोधरा

परदेशीपुरा, इंदूर
३० डिसेंबर १९९३

प्रिय यशोधरा,

पत्राला उशीर झाला, सॉरी. कामात होतो. मिलचं टेंशन बिलकुल घेऊ नकोस. संक्रांतीनंतर दोन पाळ्या होणार अशी हवा आहे.

अंदमानचा मी विचार करून पाहिला. नको. लक्षद्वीपही नको, तिथे आहे काय? नारळ. मला जरा मोठं बेट पाहिजे, जिथे कारखाने-बिरखाने आहेत, माणसांची वस्ती आहे, नीट रस्ते आहेत. तू म्हणशील, हनीमूनला कारखाने कशाला? सहज म्हटलं.

एक काम कर ना. तुझ्याकडे शाळेत जाडं अ‍ॅटलस असेलच. पोर्ट ब्लेअर, कोलंबो, मॉरिशस यांची महिन्यामहिन्याची आर्द्रता मला काढून पाठव. टक्क्यांत. पाऊस नको, तापमान पण नको, फक्त हवेतला ओलावा. सकाळचा आणि दुपारचा वेगवेगळा मिळाला तर बहोत बढिया. जमलं तर आठवड्यात पाठव, प्लीज.

आज दिवसभर परदेशीपुऱ्याच्या चौकापासून पाटनीपुऱ्यापर्यंत नुसता चालत होतो. चार वेळा तोच पानवाला दिसला. शेवटी तोच म्हणाला, "भिया, कुछ गुम गया क्या?"

तुझा
श्रीपाद

मानपुर
७ जानेवारी १९९४

प्रिय श्रीपाद,

घे, तक्ता सोबत जोडला आहे. (तू म्हटलं. शारदाताई बाजूला टाळ्या वाजवतायत.) लाल शाईनं सकाळची आर्द्रता, निळ्यानं दुपारची. गंमत म्हणून खाली इंदूरचीही दिली. आपल्या एप्रिलच्या दुपारी हवेत जेवढा ओलावा, त्याच्या तिप्पट तिथे बाराही महिने. माझे केस तिथे छत्रीसारखे उभे राहणार.

पण मी विचार करून राहिले होते की या माणसाला आर्द्रता कशाला? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांना बरोबर न्यायचं आहे ना तुला? तुझे बाबा तेहेतीस वर्षं साचेखात्यात, कापसाचा कण छातीत बसलेला, साखरपुड्यातसुद्धा त्यांना दम लागत होता. दमट हवा त्यांना सोसेल का, हेच बघतोयस तू! अरे, मग सरळ विचार ना! मला चालेल. लोक हसतील, हनीमूनला सासरे घेऊन गेली म्हणून, हसू देत. त्यांना एका खोलीत ठेवू, सकाळी चहा देऊ, आणि आपण वाळूत. फक्त दमेकऱ्याला दमट हवा चांगली नाही असं आमच्या आरोग्याच्या पुस्तकात आहे, तेव्हा डॉक्टरांना विचार.

सांगू का, मला हे फार आवडलं. समुद्राच्या नादात तू घरच्या माणसाला विसरत नाहीस.

मिलच्या दोन पाळ्यांची बातमी माझ्या बाबांना सांगितली. त्यांनी मान हलवली.

तुझी
यशोधरा

परदेशीपुरा, इंदूर
२१ जानेवारी १९९४

प्रिय यशू,

बाबांना हनीमूनला! हे वाचून मी हसलो आणि मग मला कसंतरीच झालं. तू फार चांगली आहेस गं. नाही, बाबा येणार नाहीत. तक्ता मात्र इतका सुंदर काढलायस की मी तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं बघितला.

आता खबर ऐक. मॉरिशस पक्कं! पक्कं म्हणजे पक्कं. तिथे आपली मराठी आडनावाची माणसंसुद्धा आहेत म्हणे, चार पिढ्यांपूर्वी गेलेली. लग्न झालं की तीन आठवड्यांनी विमान, जूनच्या पहिल्या आठवड्यात. तू पंधरा दिवसांची सुट्टी काढ आणि पासपोर्टचा फॉर्म लगेच भर. घरी इतक्यात कुणाला बोलू नकोस, माझ्याकडून सगळं ठरलं की मी स्वतः येऊन सांगीन.

मधे दोन दिवस मिलच्या कामानं मुंबईला जाऊन आलो. आणि तुला खोटं वाटेल, पण समुद्र नाही पाहिला. टॅक्सीवाला म्हणाला, अब अपन समंदर के बाजू से जाएँगे. मी डोळे गच्च मिटून घेतले. तो म्हणाला, "साब, उलटी हो रही है क्या?" मी म्हटलं, नाही रे बाबा, लग्न ठरलंय. वास मात्र आला. डोळे मिटले तरी नाक कसं मिटणार?

यशू, तू रागावत असशील तर कशी रागावतेस? म्हणजे बोलणं बंद करतेस की भांडतेस? असंच विचारलं.

तुझाच
श्रीपाद

मानपुर
२ फेब्रुवारी १९९४

प्रिय श्रीपाद,

मी भांडत नाही आणि बोलणंही बंद करत नाही. मी शिक्षिका आहे, मी उत्तरपत्रिका तपासते आणि लाल रेघ मारते. हे का विचारलंस?

मॉरिशस! अरे, त्या नावानं माझी झोप उडाली आहे. पासपोर्टचा फॉर्म भरला. फोटो काढायला महूला गेले तर फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडा कम मुस्कुराइए, सरकारी काम है." पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज हेडमास्तरांकडे दिला. त्यांनी कारण विचारलं, मी 'समुद्रदर्शन' लिहिलं. काल वर्गात उष्ण कटिबंध शिकवत होते. मुलींना वाटतं तो कुठेतरी लांब, हत्ती आणि जंगलं असलेला. मी फळ्यावर कर्कवृत्त काढून दाखवलं. ते उज्जैनच्याही वरून जातं, म्हणजे तुम्ही सगळ्या बाकावर बसल्या बसल्या उष्ण कटिबंधातच आहात. त्यांचा विश्वास बसला नाही.

श्रीपाद, सगळं छान आहे, पण मला चैन नाही. पंधरा दिवस, विमान, परदेश. आणि मिलला दोन पाळ्यांचं नुसतं ऐकतेय. तुझी पत्रं वाचताना सारखं वाटतं, कुणीतरी घाईघाईनं चालतंय आणि मी मागून हाक मारतेय. काही सांगायचं राहिलंय का?

तुझी
यशू

॥ श्री ॥

परदेशीपुरा, इंदूर
१६ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. कां. यशोधरा हिस कृष्णरावाचे अनेक आशीर्वाद.

विशेष हे की, सासऱ्यानं सुनेला लग्नाआधी पत्र लिहावं अशी आमच्यात पद्धत नाही. पण मनात आलं ते लिहितो, चुकलं तर पदरात घे.

श्रीपादानं तुझा तक्ता दाखवला. बेटी, तेहेतीस वर्षं मी साचे चालवले, पण ओलाव्याचा हिशेब इतका साफ कुणी कागदावर मांडलेला पाहिला नव्हता. आपल्या इंदुरात सुकी हवा. उन्हाळ्यात खात्याच्या खिडक्या बंद करायच्या, फवारे सोडायचे, जमिनीवर पाणी मारायचं, तरी ताणा, म्हणजे साच्यावरचे उभे धागे, तटातट तुटायचा. आणि तुझ्या तक्त्यात त्या बेटाची हवा सकाळची ऐंशीच्या वर! अशा हवेत सूत तुटत नाही, साचा थांबत नाही. मी श्रीपादाला सांगितलं, जा, तिथे तुझं काम चांगलं निघेल. सूनबाईनं आधी हवा तपासली आणि मग नवऱ्याला पाठवायचं ठरवलं, ही खरी मिलवाल्यांच्या घरातली बाई.

२६ डिसेंबरला फाटकाला कुलूप लागलं तेव्हापासून मी घरीच आहे. सकाळचा भोंगा वाजत नाही तरी डोळा उघडतो. पण माझं आयुष्य झालं. श्रीपादाचं पुढे आहे. तू दोन वर्षांच्या कराराला हो म्हणालीस, नव्या नवरीनं पंधरा दिवस राहून एकटीनं परत यायला मन मोठं लागतं. तू परत आलीस की आमच्याकडे राहायचं की मानपुरला, ते तू ठरव. तुझी खोली मी आत्ताच रंगवून घेतली आहे, फिकट निळी.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार.

कृष्णराव

मानपुर
२२ फेब्रुवारी १९९४

श्री. श्रीपाद यांस,

सोबत तुमच्या वडिलांच्या पत्राची मी हातानं केलेली नक्कल आहे. मूळ पत्र मी ठेवून घेते. त्यांना काही बोलू नका. त्यांना वाटतंय की मला सगळं माहीत आहे. ते माझे उपकार मानतात आणि माझ्यासाठी भिंती रंगवतात.

कुलूप २६ डिसेंबरला लागलं. ३० तारखेला तुम्ही मला दोन पाळ्यांची हवा लिहिलीत. ती मी माझ्या बाबांना जाऊन सांगितली. त्यांना कुलपाची बातमी पेपरातून आधीच कळली असणार. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. आपली मुलगी खोटं बोलतेय की फसतेय, हे त्यांना कळलं नसेल.

आर्द्रता तुम्हाला साच्यांसाठी पाहिजे होती, आणि मी लाल-निळ्या शाईनं काढून दिली. तुम्ही बाबांना नेणार असं समजून मी दोन दिवस हवेत तरंगत होते. मुंबईला कसल्या कामानं गेला होतात तेही आता कळलं. समुद्र आला तेव्हा डोळे मिटलेत म्हणे. मिटून ठेवलेत ते माझे.

मला फक्त एक सांगा. परतीच्या विमानात मी एकटी बसणार, हे मला कुठे कळणार होतं? वाळूत? की विमानतळावर?

आमच्या घरी तसं झालं होतं असं मी लिहिलं होतं. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, लग्नानंतर तीन महिन्यांनी कळलं की नवऱ्याची नोकरी लग्नाआधीच गेली होती. नोकरी गेली म्हणून ती परत आली नाही. रोज सकाळी तो तिच्यासमोर डबा घेऊन निघायचा, म्हणून आली.

खरं लिहायचं असेल तरच लिहा.

यशोधरा

परदेशीपुरा, इंदूर
३ मार्च १९९४

यशोधरा,

खरं लिहितो. बसून लिहितोय.

साखरपुड्याला मिल चालू होती, हे खरं. बेटावर जाऊ म्हणालो ते तुझ्यासाठीच, हेही खरं. मग २६ तारखेला सकाळी गेलो तर फाटकावर कागद. बाबा कागद वाचून झाल्यावरसुद्धा तिथेच उभे राहिले, पाळी सुटायच्या वेळेपर्यंत. मी त्यांना घरी आणलं. त्यांनी डबा उघडून जेवून घेतलं.

दोन दिवसांनी रजत आला आणि म्हणाला, मुंबईत एक एजंट आहे, बेटांवर कापडाचे कारखाने आहेत, आपल्याकडची माणसं घेतात. बेट म्हटल्यावर माझ्या डोक्यात दोन्ही एक झालं. मला वाटलं, देवानंच जुळवून दिलं. यशूला समुद्र, मला साचे. एजंटकडे मला धाग्याला गाठ मारून दाखवायला लावली, वीस सेकंदांत. मी बारात मारली. दोन वर्षांचा करार आहे. पहिलं वर्ष बायको नेता येत नाही, एका खोलीत आठ जण. वर्षानंतर काम पसंत पडलं तर बघू म्हणतात. तुझं तिकीट मी स्कूटर विकून काढणार होतो.

सांगणार कधी होतो? तिथे. शेवटच्या दिवशी, किनाऱ्यावर. समोर इतकं पाणी असेल तर तू जास्त रागावणार नाहीस, असं वाटलं. आता लिहून वाचलं तर स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे. किती येड्यासारखा विचार!

भीती एकच होती. मिल बंद झाली कळलं तर लग्न मोडेल. तू मोडणार नाहीस, पण घरचे मोडतील. तू तर लिहिलं होतंस की दोघांचं घर चालेल. ते मी कितीतरी वेळा वाचलं. पण यशू, बत्तीस वर्षांचा माणूस दिवसभर परदेशीपुऱ्यात फेऱ्या मारणार आणि बायको मानपुरहून पगार आणणार, हे मला जमलं नसतं. मी वेडा झालो असतो. हा माझा दोष आहे, तुझा नाही.

तू मोडलंस तर मी काही म्हणणार नाही. बाबांना मी स्वतः सांगीन की चूक माझी. आणि नाही मोडलंस तर काय करायचं ते तू सांग. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, बेट तू निवड. मग मीच निवडून बसलो.

श्रीपाद

मानपुर
२० मार्च १९९४

श्रीपाद,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लाल पेन काढलं होतं. एकही रेघ मारली नाही. सतरा दिवस लागले उत्तराला, ते तुला भोगायलाच पाहिजे होते.

मधे दोन रविवारांत दोन गोष्टी केल्या. पहिल्या रविवारी घरी सगळं सांगितलं. मिल, करार, दोन वर्षं. आई रडली. आजी म्हणाली, "शेवटी काळं पाणीच की गं!" ताई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "त्यानं विचारल्यावर तरी खरं लिहिलं. माझ्या वेळी तेवढंही नव्हतं." मग बाबांनी पेपराची घडी माझ्यासमोर उघडली, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, लग्न करणार.

दुसऱ्या रविवारी शाळेची सहल घेऊन ओंकारेश्वरला गेले. मुली दर्शनाच्या ओळीत होत्या आणि मी पुलावर उभी होते. एका बाजूनं नर्मदा, दुसऱ्या बाजूनं कावेरी (दक्षिणेतली नव्हे, इथलीच छोटी नदी), मधे मांधाताचा डोंगर. मी सात वर्षं शिकवतेय, चारी बाजूंनी पाणी ते बेट. आणि ते कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणजे उष्ण कटिबंधातलंच. श्रीपाद, मला इतकं हसू आलं की एक मुलगी म्हणाली, मॅडमको क्या हुआ?

तर मी बेट निवडलं. मांधाता. लग्नाचा सत्यनारायण झाला की तीन दिवस तिथल्या धर्मशाळेत राहू. आधी देव म्हणून आईही खूश. सकाळी परिक्रमा करू, दुपारी घाटावर बसू. कारखाने नाहीत, आर्द्रता मी मोजणार नाही.

मॉरिशसला मी पंधरा दिवसांसाठी येणार नाही. पहिला समुद्र बघायचा आणि तुला तिथे सोडून एकटीनं परतायचं, हे मला नको. राहायला येता येईल तेव्हा येईन. पासपोर्ट आला आहे, तो ट्रंकेत राहील. स्कूटर विकू नकोस, त्यावरून तुझ्या बाबांना दवाखान्यात न्यायला रजतला उपयोगी पडेल. मी दर शनिवारी बसनं उतरले की आधी परदेशीपुऱ्यात, मग अन्नपूर्णाला. निळी खोली रिकामी राहणार नाही.

एक अट. यापुढे वाईट बातमी आधी. चांगली नंतर लिहिली तरी चालेल.

आणि बरोबरच समुद्र बघायची आपली जी अट होती, ती मी काढून घेते. दोन वर्षं बेटावर राहून डोळे कुणी मिटत नसतं. जा आणि बघ. मला नीट लिही, म्हणजे मी कढई बाजूला ठेवीन.

तुझी
यशू

मॉरिशस
२४ जुलै १९९४, रविवार

प्रिय यशू,

वाईट बातमी आधी. आठ जणांची खोली म्हणाले होते, दहा जण आहोत. डाळीत हिंग नाही. तू सांगितलंस तसाच इथे हिवाळा आहे, कारखाना उंचावर आहे आणि सारखी भुरभुर चालू असते. लोकांना वाटतं मी मौज करायला गेलोय, आणि मी तुझ्या आईनं विणलेला स्वेटर घालून फिरतोय. बाबांची सारखी आठवण येते. त्यांचा खोकला कसा आहे ते खरं लिही.

आता चांगली. अठ्ठेचाळीस साचे माझ्याकडे दिलेत. बाबांना सांग, ते म्हणाले तसंच आहे, ताणा तुटत नाही. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं धावत होतो आणि धावायला काही कामच नव्हतं. साचे आपले चालून राहिलेत. मास्टर म्हणाला, तू एका जागी उभं राहायला शिक. तुझा तक्ता माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

मांधाताच्या घाटावर तू पाय पाण्यात सोडून बसली होतीस आणि तिसऱ्या दिवशी उठायलाच तयार नव्हतीस. शेवटची बस चुकली, आठवतं? ते मी रोज एकदा आठवतो.

तू म्हणालीस समुद्र बघ आणि लिही. इथून बसनं अर्ध्या तासावर आहे. विमान उतरताना खिडकीची जागा माझी होती, ती मी शेजारच्याला दिली. तो ओरडला, "अरे, क्या पानी है!" मी समोरच्या सीटकडे बघत बसलो. कारखान्याच्या गच्चीवरून पण दिसतो म्हणे, मी वर जात नाही.

आज रविवार. खोलीतली सगळी पोरं सकाळीच किनाऱ्यावर गेलीत, संध्याकाळी पायाला वाळू लावून येतील. दर रविवारी दारात उभं राहून विचारतात, "भिया, चलते नी?" मी खाटेवर बसून त्यांना सांगतो, तुम्ही व्हा पुढे, माझी बायको आली की येतो.

तुझा
श्रीपाद